टकर पिंपावरून उठेना

उत्तराकाकू दर रविवारी सकाळी शॉमबर्गहून मला फोन करतात आणि मी दर रविवारी सकाळी त्यांच्याशी खोटं बोलते. म्हणजे बोलायचे. आता सोडलं. का सोडलं, त्याचीच ही गोष्ट.

आपल्याकडे पोरगं परगावी शिकायला निघालं की आई आधी त्या गावात आपलं माणूस शोधते आणि 'जरा लक्ष ठेव हं' म्हणून पोरगं त्या माणसाच्या गळ्यात बांधते. वेदरबी नावाच्या या गावात ते माणूस मी. गाव शिकागोपासून गाडीने चार तास. मक्याची शेतं संपली की विद्यापीठ लागतं आणि विद्यापीठ संपलं की पुन्हा मका. मी उपासना, मूळची नागपूरची, इथे स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करते. म्हणजे स्वतःवर लक्ष ठेवायलाही मला वेळ नाही. पण काकूंनी पहिल्याच भेटीत डबाभर चिवडा आणला होता. चिवडा खाऊन नाही कसं म्हणणार?

गळ्यात पडलेलं पोरगं म्हणजे काकूंचा देवांग. जन्म शिकागोजवळच्या शॉमबर्गचा, वय वीस, उंची बेताची, आणि विद्यापीठाच्या फुटबॉल टीममध्ये किकर. अमेरिकन फुटबॉल हा मुख्यतः हातांनी आणि डोक्यांनी खेळायचा खेळ आहे. चेंडू पायाने मारायचं काम टीममध्ये ज्याचं असतं, तो किकर. बाकीचे दीड-दीडशे किलोचे धटिंगण तासभर एकमेकांना धडका देतात, मग हा परीटघडीच्या कपड्यांत आत येतो, दोन खांबांमधून चेंडू उडवतो, तीन गुण मिळवतो आणि बाहेर जातो. सरकारी ऑफिसात साहेब फक्त सहीपुरते येतात, तसं. पण त्या सहीसाठी देवांग दोन वर्षं बाकावर बसला होता. यंदाच्या सीझनला त्याला पहिल्यांदा जागा मिळाली. त्या दिवशी तो मला फोनवर काहीतरी सांगत होता आणि मला फक्त रडणं ऐकू येत होतं.

देवांग सहा खेळाडूंबरोबर एका पिवळ्या घरात भाड्याने राहतो. त्या घराची कीर्ती गावभर आहे. एकदा त्यांनी तळ्यावरची चार बदकं आणून बाथटबमध्ये ठेवली. कारण काय, तर त्यांना बाहेर थंडी वाजत होती. एकदा सोफा छपरावर चढवला, तो अजून तिथेच आहे, कारण चढवला कसा हे कुणालाच आठवत नाही. आणि सप्टेंबरात इंटरनेटवर एक कलिंगडाचा फोटो आला. फोटोत देवांग छपरावर दोन्ही हात वर करून गोलपोस्ट झालाय, हातात बिअरचा ग्लास, आणि खाली अंगणात टकर त्याच्या हातांमधून कलिंगड मारायच्या तयारीत आहे. टकर म्हणजे टीममधला सगळ्यात मोठा मुलगा. दारातून तिरका आत येतो. कलिंगड काही उडालं नाही. टकरच्या पायाचा अंगठा मात्र मोडला आणि तो दोन मॅचना मुकला.

कोच हॅनिगन त्या घरी गेले आणि कुणावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "सीझन संपेपर्यंत या घरात बिअर दिसली, तर मी किकर बदलीन." किकरच का? कारण घराचा करार देवांगच्या नावावर होता. सातजणांत सगळी पानं वाचून सही करणारा तो एकटाच. शिवाय इथे एकवीसच्या आत पिणं बेकायदा, आणि हा वीसचा.

"ताई, आईला सांगू नको, प्लीज," देवांग मला म्हणाला. "शी विल ड्राइव्ह हिअर. शी विल ड्राइव्ह हिअर टुनाइट."

मी सांगितलं नाही. रविवारी काकूंनी विचारलं, काय करतोय गं देवांग? मी म्हटलं, अभ्यास. झोपतो कधी? नऊला. मित्र कसे आहेत? साधे आहेत काकू, पक्ष्यांवर फार माया आहे त्यांची. चार मिनिटांत फोन संपायचा आणि काकू समाधानाने पोहे करायला जायच्या.

आता शनिवारचं सांगते. फुटबॉलच्या सीझनमध्ये वेदरबीत शनिवारी काहीही करता येत नाही. चाळीस हजार माणसं बाहेरून येतात, गाडी लावायला जागा नाही, हॉल मिळत नाही. त्यामुळे आपल्या मंडळींचे सगळे कार्यक्रम पंचांग बघून नाही, फुटबॉलचं वेळापत्रक बघून ठरतात. यंदा चौदा ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आला मंगळवारी. मंगळवारी कोण सुट्टी देतंय? मग आम्ही बाय वीकचा शनिवार धरला, म्हणजे अख्ख्या सीझनमधला तो एक शनिवार ज्या दिवशी आपल्या टीमची मॅच नसते. आसपासच्या पाच गावांतून सत्तर माणसं येणार होती. देवांगचे आईबाबा, उत्तराकाकू आणि प्रल्हादकाका, शॉमबर्गहून येणार होते. गावातल्या वाचनालयाची मोठी खोली दोन महिने आधीच सांगून ठेवली होती.

आमच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. ज्या शनिवारी मॅच नाही, तो खेळाडूंचाही एकुलता एक मोकळा शनिवार असतो.

शनिवारी सकाळी आठला वाचनालयाची ईमेल आली. पाइप फुटला होता आणि खोलीत घोटाभर पाणी होतं. बागेतला मांडव लग्नाला गेलेला. आमच्या मंडळाचे बुद्धभूषणदादा, इथल्या ट्रॅक्टर कंपनीत इंजिनिअर, त्यांच्या घरी तोवर चारशे पुऱ्या तळून झाल्या होत्या आणि वडाभाताचे वडे कढईत होते. सत्तर माणसं मावतील असं मोठं अंगण मला गावात एकच ठाऊक होतं. मी देवांगला फोन लावला.

"देवांग, तुझं मागचं अंगण पाहिजे. आज बारा वाजता. कार्यक्रम आहे."

"हो ताई."

"सत्तर माणसं येतील. तुझे आईबाबापण तिथेच येतील."

"हो ताई."

"अंगण झाडून ठेव. जागा आहेस ना?"

"हो ताई."

इथेच माझं चुकलं. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना मराठी येवो न येवो, मोठ्यांचा फोन लवकर संपवायचा मंत्र मात्र सगळ्यांना येतो. हो ताई, हो काकू, हो आजी. तुम्ही म्हणा, मी तुझं घर जाळायला येतेय, तरी उत्तर हो ताई. मला हे माहीत होतं. तरी मी सगळ्यांना पत्ता पाठवून दिला.

साडेअकराला मी पांढरी साडी नेसून, हातात सतरंज्यांची वळकटी घेऊन पिवळ्या घराच्या बाजूच्या फाटकातून आत शिरले. अंगणात बावीस राक्षस होते. गाणी लावलेली. एकजण झाडावर होता, का ते विचारू नका. मधोमध बर्फाच्या घमेल्यात स्टीलचं बिअरचं पिंप, आणि त्याच्याशेजारी गॉगल लावून, हातात अर्धा ग्लास घेऊन आमचा देवांग.

"ताई!" तो खूश होऊन म्हणाला. मग त्याने माझी साडी पाहिली, सतरंज्या पाहिल्या, फाटकातून पुऱ्यांचा टोप घेऊन येणारे बुद्धभूषणदादा पाहिले. "ताई, व्हॉट इज हॅपनिंग?"

"सकाळी फोनवर काय सांगितलं मी तुला?"

"आय थॉट यू वर सेइंग हॅपी दसरा."

"दसरा मागच्या आठवड्यात झाला, गाढवा! सत्तर माणसं येताहेत. तुझी आई वीस मिनिटांवर आहे."

गॉगलमागे त्याचे डोळे काय झाले ते दिसलं नाही, पण ग्लास हातातून पडला. "आई? हिअर? माय आई?"

मला इतका राग आला होता की एकेकाच्या पाठीत सतरंजी घालावी. आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं, त्याचा राग वेगळा. पण एक कबूल करते, ती पोरं आवरायला लागली तेव्हा मी बघत राहिले. टकर मी शिकवते त्या स्टॅटिस्टिक्सच्या दोन वर्गांना बसलेला, दोन्हीत काठावर पास. तो ओरडला, "मॅमला मदत करा!" आणि तीन मिनिटांत अंगण स्वच्छ. ग्लास काळ्या पिशव्यांत, गाणी बंद, झाडावरचा खाली. "सगळ्यांना पांढरे कपडे लागतात," मी म्हटलं, तर बावीसच्या बावीस आत पळाले आणि पांढऱ्या जर्सी घालून आले. बाहेरगावच्या मॅचला ते पांढऱ्यात खेळतात.

राहिलं पिंप. भरलेलं पिंप टकरला उचलता आलं असतं, पण घरात जायचा मागचा जिना अरुंद, आणि फाटकातून आता माणसांची रांग लागली होती. टकरने माझ्या गाठोड्यातली धुतलेली पांढरी चादर ओढली आणि पिंपावर टाकली. आमची चादर! मूर्तीच्या टेबलावर घालायची! मी तोंड उघडणार एवढ्यात फाटकातून रमाबाई आजी आल्या. आजी म्हणजे बुद्धभूषणदादांची आई, ब्याऐंशी वर्षांच्या, सहा महिने इथे सहा महिने नागपुरात. हातात बुद्धांची मूर्ती, मागे नातवाच्या हातात बाबासाहेबांची तसबीर. त्यांनी अंगणाच्या मधोमध गोल, उंच, पांढऱ्या चादरीने झाकलेलं काहीतरी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, टेबल मांडून ठेवलं पोरांनी," म्हणाल्या आणि मूर्ती घेऊन सरळ तिकडे निघाल्या.

"आजी, नो!" देवांग एवढ्या जोरात ओरडला की सगळे थबकले. धावत मधे येऊन त्याने दोन्ही हात पसरले. "नॉट ऑन दॅट. आजी, प्लीज. त्याच्यावर नको. वेट." आणि तो घरात पळाला. दोन मिनिटांनी तो आणि आणखी एक धटिंगण वरच्या मजल्यावरून त्याचं अभ्यासाचं टेबल घेऊन उतरले. देवांगने ते आपल्या ओढणीने, म्हणजे माझ्या ओढणीने, मी थंडीसाठी खांद्यावर घेतली होती, तीन वेळा पुसलं. "धिस वन इज क्लीन," तो आजींना म्हणाला.

मला त्याच्याबद्दल तेव्हा फार माया वाटली. ओढणीचं मी नंतर बघणार होते.

दुसरं कुणी पिंपावर काही ठेवायला येऊ नये म्हणून टकर त्याच्यावर बसला. हातांची घडी घातली आणि मला हळूच म्हणाला, "मॅम, आय विल नॉट मूव्ह."

मी पोरांना मागच्या दाराने घालवणार होते, पण उत्तराकाकू पोचल्या. मागून प्रल्हादकाका खिरीचं पातेलं घेऊन. काकूंनी पांढऱ्या जर्सीतले बावीसजण पाहिले आणि छातीवर हात ठेवला. "अगं बाई, हे सगळे देवांगचे मित्र? आपल्या कार्यक्रमाला आले? उपासना, तू म्हणायचीस तसेच आहेत गं, साधे!" आणि पोरांकडे वळून, "सिट, सिट! प्रोग्राम देन लंच!" लंच म्हटल्यावर कोण जातंय? बसले सगळे सतरंजीवर मांडी घालून. काहींची मांडी होईना, शेजारचा गुडघा दाबून मदत करत होता.

मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहिली. बुद्धभूषणदादांनी त्रिशरण सुरू केलं. ते एक ओळ म्हणणार, सगळ्यांनी मागून म्हणायची. आता या पोरांचं आयुष्यच कोच ओरडेल ते मागून ओरडण्यात गेलेलं. अर्थ विचारायची सवय नाही. दादा शांतपणे "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणाले आणि मागून बावीस गळे असे गरजले की झाडावरचे कावळे उडाले. दादा दचकले. आजी मात्र मान डोलवत होत्या. सत्तर वर्षांत एवढं दणदणीत त्रिशरण ऐकलं नाही, असं नंतर म्हणाल्या. मग पंचशील. तेही पाचच्या पाच, एक अक्षर न गाळता, त्याच आवाजात. शेवटी "साधु, साधु, साधु" झाल्यावर पोरांतल्या दोघांनी छातीवर छाती आपटली.

दादांनी मला अर्थ सांगायला उभं केलं. मी इंग्रजीत सांगितलं. आत्ता तुम्ही पाच वचनं दिलीत. पहिलं, कुणाचा जीव घेणार नाही. पोरं खूश, माना हलल्या. एकाने विचारलं, बदकं? मी म्हटलं, बदकंही. दुसरं, चोरी करणार नाही. तिसरं मी जरा भरभर सांगितलं, कारण तीन-चार जण एकमेकांकडे बघायला लागले होते. चौथं, खोटं बोलणार नाही. पाचवं, मद्य पिणार नाही.

मागून एक हात वर झाला. "मॅम, नंबर पाचमध्ये बिअर येते?"

"सगळ्यात आधी येते."

"लाइट बिअर?"

"तीही."

"आणि हे कधीपर्यंत?"

"ते तुमचं तुम्ही ठरवायचं. पण वचन दिलंय."

सगळे हळूहळू पिंपाकडे बघायला लागले आणि पिंपावरचा टकर आभाळाकडे. मला हसू आवरेना. मग माझं लक्ष देवांगकडे गेलं. तो हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता आणि मला कळलं की तो पाचव्याचा विचार करत नाहीये, चौथ्याचा करतोय. मी मान फिरवली तर समोर उत्तराकाकू, माझ्याकडे बघून कौतुकाने हसताहेत.

पंगत बसली. चारशे पुऱ्या सत्तर माणसांना पुरून उरल्या असत्या. बावीस फुटबॉलपटू धरले तर वीस मिनिटांत टोपाचा तळ दिसला. वडाभात, पातोडी, खीर. काकू वाढताना प्रत्येकाला नाव विचारत होत्या आणि प्रत्येकाला बाळ म्हणत होत्या. टकरला मात्र ताट पिंपावरच नेऊन द्यावं लागलं.

आणि फाटक उघडून कोच हॅनिगन आत आले.

शेजारच्या बाईंनी त्यांना फोन केला होता. पिवळ्या घरात खेळाडू एका सुरात ओरडताहेत, काय चाललंय कळत नाही, पण लवकर या. कोच भांडायच्या तयारीनेच आले होते. आत येऊन बघतात तर त्यांची अख्खी टीम पांढऱ्या कपड्यांत जमिनीवर ओळीने बसून हाताने खीर खातेय. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ते मिटायच्या आत काकूंनी त्यात पुरी घातली, म्हणजे जवळजवळ. हाताला धरून बसवलं, ताट वाढलं, मी देवांगची आई म्हणून सांगितलं. कोचनी मुकाट्याने खाल्लं. खिरीची दुसरी वाटी घेतली. त्यांचे डोळे चक्क ओले झाले होते.

"बावीस वर्षं कोच आहे," ते म्हणाले. "बाय वीकला पोरं अशी बसलेली मी कधी पाहिली नाहीत. इथे काहीही नाही ना? म्हणजे, पिण्याबिण्याचं?"

काकू तर दुखावल्याच. "ड्रिंकिंग? कोच सर, माय सन नेव्हर टच. नेव्हर! आस्क उपासना. एव्हरी संडे शी टेल्स मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात अर्धी पुरी होती. ती मी जितकी चावता येईल तितकी चावली.

आणि तेवढ्यात रमाबाई आजी म्हणाल्या, "ते पोरगं मघापासून वर का बसलंय?"

आजींचं खरं होतं. सगळी सभा जमिनीवर, मूर्ती टेबलावर, आणि टकर त्या पिंपावर असा बसला होता की त्याचं डोकं मूर्तीच्याही वर. "मूर्तीपेक्षा उंच बसायचं नसतं," आजी म्हणाल्या. "वंदनेलाही तिथेच होतं. नवीन आहे म्हणून मी बोलले नाही. पण जेवायला तरी पंगतीत ये म्हणावं." आणि कुणी काही म्हणायच्या आत काठी टेकत त्या टकरसमोर गेल्या. काठीने त्याच्या गुडघ्यावर हलकेच टकटक केलं. "ऊठ बाळा. खाली बस."

टकर उठेना. अर्थ त्याला हातवाऱ्यांवरून कळला होता. "नो थँक यू, मॅम."

"टकर," कोच म्हणाले, "आजी खाली बस म्हणताहेत. बस."

"कोच, आय कान्ट."

"का? अंगठा दुखतोय?"

किती सोपं होतं! हो म्हणायचं. कोचनी स्वतः उत्तर हातात दिलं होतं. टकरने तोंड उघडलं. "हो कोच, अंग..." आणि थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही, कोच. अंगठा बरा आहे. पण मी आज नंबर चार दिलाय, त्यामुळे मला काही बोलताच येत नाहीये."

कोचना काहीच कळलं नाही. देवांगला कळलं. तो पंगतीतून उठला.

"टकर, गेट अप," तो म्हणाला. "आजींना नमस्कार कर आणि खाली बस."

टकर उठला. त्याच्याबरोबर चादर घसरली आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते पिंप असं लखलखलं की आजींनी डोळ्यांवर हात धरला.

"कोच, हे माझं आहे," देवांग म्हणाला. "घर माझ्या नावावर आहे. सकाळी मी अर्धा ग्लास प्यायलोय. तुम्ही विचारायच्या आधी सांगायला हवं होतं." मग तो आईकडे वळला, आणि जी भाषा तो तीन शब्दांपलीकडे कधी बोलत नाही तिच्यात म्हणाला, "आई, मी नऊला झोपत नाही."

मलाही मग गप्प बसवेना. "काकू, मला माहीत होतं. सप्टेंबरपासून. मी तुम्हाला खोटं सांगत होते."

काकूंच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला आणि खीर सतरंजीवर ठिबकायला लागली. प्रल्हादकाकांनी हळूच त्याखाली वाटी धरली.

कोचनी आपली वाटी चाटूनपुसून संपवली. "मी किकर बदलीन म्हणालो होतो," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी किकर बदलणार. नंतरचं नंतर बघू." मग बावीसजणांकडे वळून, "आणि हे पिंप आत्ताच्या आत्ता रिकामं करा. सगळ्यांनी मिळून."

पोरांनी ते अंगणाच्या कडेला ओतायला घेतलं. आजी मागे उभ्या राहून काठीने दाखवत होत्या, "तिकडे, तिकडे गटारात. झाडाला नका घालू, बिचारं झाड बिघडेल."

पुढचा शनिवार म्हणजे घरच्या मैदानावरची मॅच. काकू-काकांनी लेकाला पहिल्यांदाच खेळताना बघायचं म्हणून दोन महिने आधी आमची तिघांची तिकिटं काढली होती. काकू कार्यक्रमाच्या दिवशी भांडी घासून, माझ्याशी आणि देवांगशी एक शब्द न बोलता शॉमबर्गला गेल्या होत्या. रविवारी फोन आला नाही. मला फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, संपलं. आता काकू येत नाहीत, आणि चिवडाही येत नाही.

शनिवारी मी माझ्या जागेवर जाऊन बसले, तर शेजारी काकू. साडीवर देवांगची जर्सी, पाठीवर भलामोठा सत्त्याण्णव. काका पलीकडे शेंगदाणे सोलत बसलेले. खाली मैदानाच्या कडेला देवांग साध्या कपड्यांत, खिशात हात घालून उभा होता. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "सत्त्याण्णव! किकरची आई का तुम्ही? तो आज खेळत का नाहीये? दुखापत झाली?"

मी डोळे मिटले. मला उत्तर पाठ होतं. पाय मुरगळला, ताप आलाय, परीक्षा आहे. काकूंसारखी आई लेकाची बाजू सावरायला दहा कारणं पदराला बांधून फिरते.

काकू मागे वळल्या. "नो, नो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ही हॅड बिअर इन द हाऊस. बट ही टोल्ड द कोच हिमसेल्फ. इन फ्रंट ऑफ सेव्हन्टी पीपल! इन फ्रंट ऑफ हिज मदर!" मागच्या बाईंना कळलं. मग काकूंनी ते पुढच्या रांगेला सांगितलं. मग पॉपकॉर्न विकणाऱ्याला. मॅचच्या मध्यंतरापर्यंत आमच्या बाजूच्या निम्म्या स्टेडियमला माहीत होतं की सत्त्याण्णवच्या घरात बिअर होती आणि ते त्याने स्वतः कबूल केलं, आणि काकूंचा चेहरा असा होता की लेकाला राष्ट्रपतिपदक मिळालंय.

शेवटचं मिनिट. आपली टीम दोन गुणांनी मागे. बदली किकर आत आला, बेचाळीस यार्डांवरून मारला, आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. चाळीस हजार माणसं एकदम खाली बसली. खाली देवांगने दोन्ही हातांनी डोकं धरलं, मग धावत जाऊन त्या बदली पोराला मिठी मारली.

"देवांगने मारला असता," काकू म्हणाल्या. मग आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "मारला असता ना गं? खरं सांग."

"बेचाळीस यार्डांवरून त्याचे दहापैकी सात जातात, काकू."

"सातच?"

"तुम्ही खरं विचारलंत."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग जे हसायला लागल्या ते थांबेनात. काकांच्या हातातले शेंगदाणे सांडले. मी पण हसत होते आणि रडतही होते, कारण मला इतके दिवस त्यांची किती भीती वाटत होती ते मला तेव्हाच कळलं. खाली कोच हॅनिगन मैदानातून बाहेर जाताना देवांगपाशी थांबले, काहीतरी दोन शब्द बोलले आणि पुढे गेले. देवांगने वर आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात सरळ वर केले, छपरावरच्या फोटोत केले होते तसेच. हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"काय करतोय गं देवांग?"

मी खिडकीतून पाहिलं. पिवळं घर माझ्या खोलीतून नीट दिसतं.

"काकू, तो आणि टकर छपरावरून सोफा खाली उतरवताहेत. म्हणजे प्रयत्न करताहेत. सोफा अर्ध्यावर अडकलाय आणि त्याच्यावर एक बदक बसलंय."

"बदक? कुठलं बदक?" काकू म्हणाल्या. "थांब, मी खुर्ची घेते. पहिल्यापासून सांग."

चार मिनिटांचा फोन तेव्हापासून तासभर चालतो.